फोनमधला रेडिओ आणि माझं एक पत्र

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मंजूर मर्यादेच्या वर किती ओढता येतं याचा मला अंदाज आहे. तेव्हा पंधरा धरून चाला.

आज सोसायटीच्या आठवणी सांगायच्या असं ठरलंय. पाण्याच्या टँकरची आठवण, पहिल्या गणपतीची आठवण, लिफ्ट अडकली त्याची आठवण, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं. माझी आठवण टेलिफोनच्या वायरीची आहे. ती मी आपणहून सांगितली नसती. पण स्मरणिकेच्या मंडळींनी ऑफिसातलं कपाट उघडलं, जुन्या फायली काढल्या, आणि २०११ च्या पत्रव्यवहाराच्या फायलीत माझं एक पत्र त्यांना सापडलं. संपादक मुलगा सज्जन आहे. घरी आला, दोन मिनिटं हवापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, "काका, हे छापायचं का?"

पत्रावर तारीख ९ जुलै २०११. टाइप केलेलं, विषय ठळक, खाली माझी सही. त्यातलं एक वाक्य वाचतो: "माझ्या टेलिफोन लाईनला वरच्या मजल्यावरील सदस्यांनी अनधिकृतपणे वायर जोडली असावी, असा माझा सकारण संशय असून समितीने याची चौकशी करावी."

'सकारण' या शब्दाखाली मी तेव्हा रेघ मारली होती. ती अजून दिसते.

मी त्या मुलाला म्हटलं, पत्र छापू नकोस, मीच बोलतो.

आता थोडं मागे जातो. इथे मुलंही बसली आहेत, त्यांना या गोष्टी पुराणातल्या वाटतील. १९९९ मध्ये आपण इथे कोथरूडला राहायला आलो, तेव्हा फोन घरात असणं ही निम्मी प्रतिष्ठा होती. त्याआधी बदलीच्या गावी फोनसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममुळे. ते फोनवरूनच लागायचं, आणि लागताना कोंबडी पकडल्यासारखा आवाज करायचं. वेग फार तर ५६ केबीपीएस. ते चालू असेपर्यंत फोन एंगेज. मग २००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं, आणि २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हणायचं असं ठरलं. आज ऐकून हसू येईल, पण तेव्हा तो वेग म्हणजे चैन होती. २००५ पासून घरोघर मोडेम आले. त्याच जुन्या तांब्याच्या वायरीवर फोनही चालायचा आणि इंटरनेटही. आमच्याकडेही एका कंपनीचं कनेक्शन आलं. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे कळेल तुम्हाला, तिचा त्यात फारसा दोषही नव्हता.

२०१० मध्ये मी निवृत्त झालो. त्याच वर्षी मुलगी आणि जावई जर्मनीत, स्टुटगार्टला गेले. नात तेव्हा पाच महिन्यांची होती. सौ.नं सांगितलं, महिन्याचं बिल वाढलं तरी चालेल, पण मला ती दिसली पाहिजे. मी चांगला प्लॅन घेतला, "४ एमबीपीएसपर्यंत". त्या 'पर्यंत' शब्दाकडे मी दुर्लक्ष केलं. कर्जाच्या करारनाम्यातले असे शब्द मी छत्तीस वर्षं लोकांना बोटानं दाखवत होतो. स्वतःच्या वेळी तेवढंच बघायचं राहिलं.

रविवारी संध्याकाळी सात वाजता स्काइप लावायचं. त्यांच्याकडे दुपार. पहिली पाच मिनिटं ठीक जायची, मग चित्राचे चौकोन व्हायचे, मग आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि मग सगळं ठप्प. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. आणखी एक गंमत अशी की मध्येच मेव्हणीचा फोन वाजला, की पहिल्या रिंगला नात गायब. सौ. आणि तिच्या बहिणीत त्यावरून बोलणं झालं. रविवारी सात ते आठ फोन करायचा नाही, असा फतवा मी काढला. मेव्हणी त्यावर काय म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही.

२०११ च्या जून महिन्यात नात पहिल्यांदा चालली. मुलीनं मुद्दाम कॅमेऱ्यासमोर तिला उभं केलं होतं. आम्ही दोघं इकडे खुर्च्या ओढून बसलो होतो. तिनं एक पाऊल उचललं आणि चित्र गोठलं. पाय हवेत. वीस मिनिटं आम्ही त्या उचललेल्या पायाकडे बघत होतो, लाईन परत यायची वाट बघत. आली नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाठवला त्यांनी, तो उतरून घ्यायला पाऊण तास लागला. सौ. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर मला कोणावर तरी राग काढायचा होता, हे लक्षात घ्या.

आपल्या पुणेकरांना पाण्याचं गणित पक्कं माहीत असतं. खालच्यानं मुख्य लाईनला मोटर लावली की वरच्याच्या नळाला नुसती हवा येते. माझ्या डोक्यात इंटरनेटचं चित्र तेच होतं. एक नळ, त्यावर सगळे. कोणीतरी मोटर लावलीय, म्हणून माझ्याकडे थेंब थेंब येतंय. आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता, रात्रभर त्याच्या खोलीत दिवा असायचा. म्हणजे मोटर कुठे आहे ते ठरलंच!

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. बँकेत पुराव्याशिवाय कागद पुढे जात नाही. पण मला पुरावा मिळाला. फोन उचलला की डायलटोनच्या मागे बारीक आवाज यायचा. कान देऊन ऐकलं तर चक्क आकाशवाणी. सकाळच्या बातम्या, भावगीतं, अगदी जाहिरातीसुद्धा. आणि आमचे वरचे शेजारी रोज सकाळी गॅलरीत ट्रान्झिस्टर लावून बसायचे, पुणे केंद्र. मी एका कानाला फोन लावला, दुसरा कान गॅलरीकडे केला. तीच गाणी! त्यांच्या घरातला रेडिओ माझ्या फोनमध्ये ऐकू येतो, याचा अर्थ त्यांची वायर माझ्या वायरीला जोडलेली आहे. 'सकारण' हा शब्द तिथून आला.

समितीनं पत्राची प्रत वरच्या घरी दिली. नियमच आहे तो. त्यांनी लेखी उत्तर दिलं नाही. भांडायलाही आले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतला रेडिओ बंद झाला. आतल्या खोलीत बारीक आवाजात लावायचे असं नंतर कळलं. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन वाट द्यायचे. चौदा महिने असे गेले. मुलगा पुढं नोकरीला बेंगळुरूला गेला, तो जाताना सगळ्या मजल्यांवर पेढे दिले. आमच्याकडेही दिले. माझ्याकडे न बघता दिले.

आणि त्या चौदा महिन्यांत माझ्या फोनमध्ये आकाशवाणी येतच होती. गॅलरीतला रेडिओ बंद झाला तरी येत होती. शाखेत दोन रुपयांचा फरक निघाला तर आम्ही रात्री अकरापर्यंत बसून खतावण्या तपासायचो. एवढा मोठा फरक डोळ्यांसमोर होता आणि मी तो मांडलाच नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये तक्रारीवरून एक लाईनमन आला. निवृत्तीला आलेला माणूस, सायकलवर, कमरेला तपासणीचा फोन. मी त्याला दारातच माझी सगळी कैफियत ऐकवली, वायर जोडल्याच्या संशयासकट. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची जोडी वेगळी, त्यांची जोडी वेगळी. एक्स्चेंजपर्यंत वेगळी."

हे मला माहीतच नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? तांब्याच्या फोनलाईनमध्ये प्रत्येक घराची स्वतःची दोन तारांची जोडी असते. इमारतीखालच्या डीपी बॉक्समधून ती रस्त्यावरच्या पिलरमध्ये जाते, तिथून जाड केबलमधून एक्स्चेंजच्या मोठ्या फ्रेमवर. शेकडो जोड्या एका केबलमध्ये असतात, पण प्रत्येक जोडी निराळी. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो, तो शेजारच्या जोडीचं आणि बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. ही युक्ती खुद्द ग्रॅहॅम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. तेव्हा नळाचं माझं चित्र चुकीचं होतं. सगळ्यांचं पाणी एकत्र होतं ते एक्स्चेंजच्या पलीकडे. अलीकडे ज्याचा त्याचा पाइप.

मग त्या माणसानं एक साधी गोष्ट केली. माझा मोडेम उचलला, खाली पार्किंगमध्ये नेला, वॉचमनच्या केबिनमधून विजेची वायर ओढली आणि मोडेम थेट डीपी बॉक्समध्ये माझ्या जोडीला लावला. लॅपटॉपवर मोडेमचं पान उघडून मला दाखवलं. घरी मोडेमची जोडणी १,०८८ केबीपीएसला व्हायची. खाली झाली ४,०९६ ला. तपासणीच्या फोनमध्ये आकाशवाणीही नाही.

"म्हंजे लाईन इथपर्यंत जित्ती हाये साहेब," तो म्हणाला. "मरतीय ती तुमच्या घरात."

इथे थोडं शास्त्र सांगतो. मला जावयानं नंतर समजावून दिलं, आणि निवृत्त माणसाला वेळ असल्यामुळे मी ते वाचूनही काढलं. मुलांना कंटाळा आला तर त्यांनी वडे कुठवर आलेत ते बघून यावं.

आपलं बोलणं फोनच्या वायरीवरून जातं ते साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्ये. ती वायरीच्या घरातली फक्त ओटी म्हणा. इंटरनेट त्याच्या वरच्या मजल्यांवर चालतं, साधारण २६ हजार हर्ट्झपासून ११ लाखांपर्यंत, आणि नंतरच्या सुधारित पद्धतीत २२ लाखांपर्यंत. म्हणून एकाच वेळी बोलता येतं आणि नेटही चालतं. दोघांना वेगळं ठेवायला ती पांढरी डबी असते, स्प्लिटर. फोन कुठेही लावा, त्याच्या आधी ती डबी पाहिजे.

मोडेम या सगळ्या पट्ट्याचे बारीक बारीक तुकडे करतो. आधीच्या पद्धतीत २५६. बँकेत अडीचशे काउंटर आहेत असं समजा. मोडेम चालू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो ना, तेव्हा तो प्रत्येक काउंटरवर जाऊन विचारत असतो: इथे ऐकू येतंय का? किती गडबड आहे? जिथे शांत आहे तिथे जास्त काम देतो, जिथे कोलाहल आहे तिथे थोडं, काही काउंटर बंदच करतो. सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमचा वेग. प्लॅनमध्ये काहीही लिहिलेलं असो, या बेरजेच्या वर काही मिळत नाही.

तांब्यात आवाज क्षीण होत जातो, आणि वरच्या पट्ट्यांतला आधी मरतो. आपल्याकडे असते तशी ०.४ मिलिमीटर जाडीची तार घेतली तर ढोबळमानानं एका किलोमीटरला १४ डेसिबल जातात, म्हणजे शंभरातले चारच उरतात. माझ्या मोडेमवर हा आकडा ४६ होता. म्हणजे एक्स्चेंजपासून वायरीच्या वाटेनं सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. एक्स्चेंज काही इतकं लांब नाही, पण वायर माणसासारखी गल्लीबोळातून जाते, कावळ्यासारखी उडत नाही. ४६ डेसिबल म्हणजे पाठवलेल्यातला चाळीस हजारावा भाग माझ्या घरी पोचत होता. अशा पाहुण्याला घरात शांतता लागते. आणि मी घरात काय करून ठेवलं होतं?

२००८ मध्ये रंगकाम काढलं, तेव्हा बेडरूमच्या जादा फोनची वायर रंगाऱ्याच्या शिडीखाली येऊन तुटली. कोण बोलावतोय लाईनमनला, म्हणून मी स्वतः तारा सोलल्या, पिळल्या आणि वर सेलोटेप लावला. वर कपाट सरकवलं. ती भिंत बाहेरच्या बाजूची, पावसाळ्यात ओल येणारी. लाईनमननं कपाट हलवायला लावलं. रोझेट उघडली, तर आत हिरवंगार. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आमटी राहिली की जसं चढतं, तसं. सेलोटेपचा पापुद्रा झाला होता. त्या फोनला स्प्लिटर नव्हताच. आणि हॉलपासून तिथपर्यंतची वायर पीळ नसलेली, चपटी, स्वस्तातली, मीच तुळशीबागेतून आणलेली, ट्यूबलाइटच्या पट्टीबरोबर नेलेली.

आता एकेक हिशोब जुळला. फोन वाजला की नात का गायब व्हायची? रिंग देताना एक्स्चेंज लाईनवर ७५ व्होल्टच्या आसपास दाब सोडतं. गंजलेल्या जोडाला आणि बिनस्प्लिटरच्या फोनला तो धक्का सोसत नसे. पावसात का जायचं? ओल. मेव्हणी निर्दोष ठरली. तिला मी तेव्हा फोन करून सांगितलं, कारण तिला सांगणं सोपं होतं.

आणि आकाशवाणी? पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे. म्हणजे इंटरनेटच्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये. पीळ नसलेली लांब वायर म्हणजे आयती एरियल. आणि गंजलेला जोड एका दिशेला वीज सोडतो, दुसऱ्या दिशेला अडवतो. जुन्या काळी मुलं स्फटिक आणि तार वापरून बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ करत, त्याचंही तत्त्व हेच. मी माझ्या भिंतीत कपाटामागे एक रेडिओ बसवला होता. चार वर्षं तो चालू होता. लाईनमन चहा घेता घेता म्हणाला, "साहेब, रेडिओ वरचा नाय. तुमच्याच भिंतीतला हाये."

अशी फजिती फक्त माझी झाली असं समजू नका. वेल्समध्ये अबेरहोसान नावाचं खेडं आहे. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता सगळ्या गावाचं ब्रॉडबँड बसायचं. केबल बदलून बघितली, उपयोग नाही. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर यंत्र घेऊन गल्लीत फिरले, तेव्हा सापडलं की एका घरातला जुना टीव्ही सकाळी सातला लागतो आणि विजेच्या गडबडीचा एक झटका हवेत सोडतो. त्या घरच्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती. लाज वाटून त्यांनी तो टीव्ही पुन्हा लावला नाही. तिथल्या गावानं आधी कोणाकोणावर संशय घेतला असेल, असं माझ्या मनात आलं. त्या टीव्हीवाल्यांनी निदान कोणाविरुद्ध पत्र तरी लिहिलं नव्हतं.

लाईनमननं बेडरूमची वायर तोडून टाकली, मोडेम पहिल्या रोझेटला लावला, नवीन स्प्लिटर दिला. खाली डीपी बॉक्सचं झाकण नव्हतं आणि गच्चीच्या पाण्याचा पाइप बरोबर त्याच्यावर ठिबकत होता, तिथले जोडही त्यानं जेलीवाल्या कनेक्टरनं नवे केले. झाकण सोसायटीनं बसवायचं होतं. मी तेव्हा खजिनदार होतो, तेव्हा त्याचंही खापर कोणावर फुटतं ते तुम्हीच बघा. जोडणी वरच्या घरीही ४,०९६ ला येऊन थांबली. मोडेम एक दुसरा आकडा दाखवतो, गडबडीच्या वर आवाज किती शिल्लक आहे त्याचा. आमच्या भाषेत राखीव निधी. सहाच्या खाली गेला की लाईन केव्हाही बसते. माझा पाचवरून दहावर आला, तोही चौपट वेगाला. खर्च शून्य. त्यानं चहाशिवाय काही घेतलं नाही.

पुढच्या रविवारी नात पळताना दिसली. चालताना बघायचं राहिलं ते राहिलंच.

मग तुम्ही विचाराल, सप्टेंबर २०१२ मध्ये सगळं कळलं, तर त्याच दिवशी वर का गेलो नाही? जिना चौदा पायऱ्यांचा आहे. दोनदा गेलो सुद्धा. एकदा दाराला कुलूप होतं, त्याचा मला आनंद झाला. दुसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन परत आलो. नंतर वाटलं, आता इतके दिवस झाले, जुनं कशाला उकरायचं. हळूहळू बोलणं सुरू झालं, पाण्याच्या वेळेबद्दल, पार्किंगबद्दल. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा आम्हा दोघांची औषधं त्यांच्या मुलानं आणून दिली. तो तेव्हा घरून काम करायला बेंगळुरूहून आला होता. त्याच्या कामासाठी त्यांनी फायबर घेतलं, आणि मला म्हणाला, "काका, तुम्हीही घ्या, मी बोलतो त्यांच्याशी." ज्याच्यावर मी वायर चोरल्याचा आळ घेतला, त्यानं माझ्या घरात वायर आणून दिली. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. "थँक यू बेटा" म्हणालो आणि दार लावलं.

फायबरबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढच्या सभेत शाफ्टचा विषय आहे आणि तिथे पुन्हा माझ्यासारखी पत्रं येऊ नयेत. तांब्यात एका किलोमीटरला जेवढं जातं, तेवढं काचेच्या तारेत जायला चाळीस किलोमीटर लागतात, इथून तळेगावच्याही पुढे. तेव्हा अंतराचं रडगाणं संपलं. पण काच आहे ती. दाराच्या फटीत चिमटली, कोपऱ्यावर करकचून वाकवली, की प्रकाश बाहेर सांडतो आणि डबीवर लाल दिवा लुकलुकतो. आपल्या ब विंगच्या शाफ्टमध्ये चार कंपन्यांच्या तारा जुन्या मेलेल्या तांब्याच्या वायरींवर गुंडाळल्या आहेत. कोणाची कुठली, ते कोणालाच माहीत नाही. आणि गंमत म्हणजे फायबरमध्ये एका तारेवरचा प्रकाश वाटून ३२ किंवा ६४ घरांना देतात. माझं नळाचं चित्र तांब्याला लागू नव्हतं, ते आता कुठे थोडंफार लागू झालं! तरीसुद्धा संध्याकाळी वेग कमी झाला तर आधी मोडेम वायरनं लॅपटॉपला जोडून बघा. वायरवर वेग बरोबर आणि खोलीत कमी, तर दोष मधल्या भिंतीचा. वायफायला आपल्या भिंती आवडत नाहीत.

आणखी एक. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्ट. घरातली बत्ती गेली तरी फोन चालू. फायबरच्या डबीला घरातली वीज लागते. आपल्याकडे तळमजल्यावर दोन आजी एकट्या राहतात, त्यांना अजून तो जुना फोनच हाताशी सोपा वाटतो. त्यांची लाईन बदलायची झाली, तर डबीला छोटा इन्व्हर्टर सोसायटीच्या खर्चानं द्यावा, असा माझा लेखी प्रस्ताव आहे. रक्कम फार नाही, मी आकडेमोड करून दिली आहे. शाफ्टमधल्या मेलेल्या वायरी काढाव्यात, जिवंत तारांना फ्लॅट नंबरच्या पट्ट्या लावाव्यात, आणि तो नकाशा कपाटात ठेवावा. ज्या कपाटात माझं पत्र सापडलं, त्याच कपाटात.

आता पत्राकडे येतो. आमचे वरचे शेजारी दुसऱ्या रांगेत बसले आहेत. वहिनीही आहेत. मुलगा बेंगळुरूला आहे, पण सचिवांनी फोनवरून हा कार्यक्रम त्याला दाखवायची सोय केली आहे, तेव्हा तोही ऐकत असेल. लाईन गेली नसेल तर.

तुमच्या घरातली वायर माझ्या लाईनला कधीच जोडलेली नव्हती. रेडिओ माझ्या भिंतीत होता, जोड मी केला होता, आणि हे मला १२ वर्षं माहीत आहे. मी तुम्हा तिघांची माफी मागतो. तोंडी माफी फायलीत राहत नाही, म्हणून अध्यक्षांना विनंती करतो की ९ जुलै २०११ चं माझं पत्र मी मागे घेतलं, त्यातला आरोप खोटा होता, अशी नोंद येत्या सभेच्या इतिवृत्तात घ्यावी. अर्ज लिहून आणलाय, हा सचिवांकडे देतो. प्रतीवर पोच द्या.

गॅलरीत सकाळी रेडिओ लावायला आमची काही हरकत नाही. सौ. म्हणते, तिला चुकल्यासारखं वाटतं.

ती जुनी रोझेट मी ठेवून दिली होती. आज पिशवीतून आणली आहे, समोरच्या टेबलावर बशीत ठेवतो. ज्यांना बघायची असेल त्यांनी वडा खाऊन झाल्यावर, हात पुसून बघावी. हिरवं अजून तसंच आहे.